सुंभाचा पीळ

भट्टी निवली तशी मुलीने चिमट्याने नखाएवढा काचेचा तुकडा अलगद बाहेर काढला.

"यावर तर काहीच दिसत नाही गं," आई म्हणाली. मुलीचा विसरलेला चष्मा द्यायला ती प्रयोगशाळेत आली होती, ती तिथेच रेंगाळली.

मुलीने चहाच्या टेबलावरच्या दोन गाळण्या आणल्या, एकीत एक बसवल्या. "हे कार्बनचे दोन पापुद्रे समज. एकेका अणूच्या जाडीचे. आता वरची जराशी फिरव."

आईने फिरवली. जाळीत एकदम मोठाली फुलं उमटली. आणखी फिरवली, तशी ती बारीक झाली.

"अगंबाई!"

"तसंच. पापुद्र्यांना पीळ किती द्यायचा, ते आपल्या हातात. एवढा दिला की चुंबक होतं, तेवढा दिला की नाही."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"मधला मळ जाळायला भट्टीत घालावं लागतं. तापलं की पीळ सुटतो. आधीचे सगळे सुटले. हा शेवटचा. या वेळी आच मंद ठेवली होती."

"हाही सुटला तर उद्यापासून नवा विषय," दारातून तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "कबूल केलंयस. किती दिवस सांगतेय, नाद सोड. ऐकेल तर शपथ!"

"कशी ऐकेल? घरात हिला सुंभच म्हणतात," आई म्हणाली.

मुलीने तुकडा यंत्रात सरकवला. "पडद्यावरची रेघ वर जाईल आणि खाली येईल. गेल्या वाटेनेच परतली, तर चुंबकत्व गेलं. वेगळ्या वाटेने आली, तर राहिलं."

रेघ चढली. थांबली. वळली. तिघी पडद्याकडे वाकल्या.

"वाट चुकली का गं ती?" आईने हळूच विचारलं.

"चुकली! आई, चुकली!" मुलीने मॅडमना मिठी मारून गरकन फिरवलं.

"अगं, पडेन मी!" मॅडम हसत ओरडल्या. "भट्टीतून निघाला, तरी पीळ तसाच?"

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी जन्मभर हिला रागावून सांगितलं," आई म्हणाली.

"आता कौतुकाने सांगा. चला, आधी चहा घेऊ."

चहा उकळून उकळून काळा झाला. "आई, गाळणी दे ना," मुलीने पुन्हा हाक मारली.

"थांब गं," आई म्हणाली आणि वरची गाळणी आणखी थोडी फिरवली.