दहा वर्षांचे रोखे

गडहिंग्लजचा सोमशेखर गुंतवणुकीचे सल्ले द्यायचा आणि त्यातून पैपाहुणेही सुटत नसत. मुलाची सोयरीक ठरली तशी त्यानं होणाऱ्या व्याह्यांना, बसाप्पांना, लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांत घालायला लावले. “बुडायची भीतीच न्हाय,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

वर्षभरात व्याजदर चढले. मुहूर्त जवळ आला, बसाप्पा रोखे विकायला गेले, तर भाव पडलेला. ते तडक सोमशेखरच्या ऑफिसात आले. सोमशेखरनं त्यांना आधी चहा पाजला, मग ज्ञान.

“आता नव्या रोख्यांवर जास्त व्याज मिळतंय, मग तुमचे जुने पुऱ्या किमतीला कोण घेणार? पण पावणं, तुम्ही विकताय कशाला? मुदत संपूपतूर थांबा, पै न् पै परत येत्या. गुंतवणुकीत धीर पाहिजे की!”

बसाप्पांनी शांतपणे मान डोलावली. हे इतकं सोपं जाईल, असं सोमशेखरलाही वाटलं नव्हतं. खुशीत येऊन त्यानं लग्नाच्या जेवणात आणखी दोन गोड पदार्थ वाढवायला सुचवलं. “व्हय, सांगतो की,” म्हणत बसाप्पांनी त्याच्यासमोरच हॉलवाल्याला फोन लावला.



“लगीन मोडलं न्हाय हो, नऊ वर्सं पुढं ढकललंय. पावणं म्हणत्यात, धीर धरला की नुकसान हुईत न्हाय.”