मुद्दाम केलेली चूक

डेमोत चुकीचं काही भरायचं नाही, हा धोंडेसरांच्या कंपनीतला शिरस्ता होता. रक्तपेढीचे डॉक्टर समोर बसले होते आणि इरावतीनं रक्तगटाची चौकट मुद्दाम कोरी ठेवून बटण दाबलं.

स्क्रीन लालभडक झाली. सरांचा चेहराही. "अगं, काय करतेस!" ते पुटपुटले.

इरावती ढिम्म हलली नाही. फॉर्ममध्ये भरलेली माहिती डेटाबेसात पोचवणारी कंपनीची जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, असली चूक मुकाट्यानं गिळायची आणि वर 'सेव्ह झालं' म्हणायची. नव्या लायब्ररीत तिनं ते गिळणंच बंद केलं होतं.

"वाचा ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा सावरला. "'पिशवीचा रक्तगट भरलेला नाही, म्हणून नोंद सेव्ह केली नाही. रक्तगट निवडा.'" त्यांनी चष्मा काढला. "मागं आमच्या फ्रीजमधल्या एका पिशवीला रक्तगटच नव्हता. टेक्निशियनला मी सगळ्यांसमोर झापलं. तुमचं सॉफ्टवेअर 'सेव्ह झालं' म्हणालं होतं, असं तो बिचारा कळवळून सांगत होता."

 धोंडेसरांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

"इरावती, आता तारीखही चुकवून दाखव."