ओंजळीतली नीळ

"ही चादर तुला पांढरी दिसते?"

"पांढरीच आहे, आई."

"पिवळी आहे! तोंडावर खोटं बोलतेस?"

लेकीने मान खाली घातली आणि चादरीची घडी करायला घेतली. आई तिच्याकडे बघत राहिली. सकाळी हीच चादर टबातून निघाली तेव्हा लख्ख होती. गच्चीवर वाळून खाली आली की पिवळी. वर्षभर हेच चाललं होतं.

आई लॉजच्या चादरी धुवायची. नवरा गेल्यावर याच कामावर तिने लेकीला वाढवलं. तिची पद्धत ठरलेली होती. आधी भिजवायचं, मग साबण, मग बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळायचं. शेवटी नीळ. ती थेट कपड्यावर टाकायची नाही. फडक्यात बांधून पाण्यात हलवायची आणि ते पाणी ओंजळीत घेऊन बघायचं. सकाळच्या आभाळाइतका रंग आला की बास. ओंजळीने तिला कधी दगा दिला नव्हता.

जिना मात्र गुडघ्यांना झेपत नव्हता. वाळत घालणं लेकीकडे होतं.

"आता तू बस, आई. धुणं मी बघते," असं लेक एकदा म्हणाली होती. त्यावर आईने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "मला अडगळीत टाकायला निघालीस होय? हात चालतात तोवरच मी माणूस आहे!" पुन्हा तो विषय निघाला नाही.

पण संशयाने मनात घर केलं. हल्ली सगळंच विटलेलं वाटायचं. दूध पिवळट, भिंती पिवळट. मन मेलं की असंच होत असावं, असं तिला वाटे.

एके सकाळी कठडा धरून, पायरीपायरीला थांबत ती वर गेली. लेक पाठमोरी बसली होती. नुकत्याच नीळ दिलेल्या चादरी तिने दुसऱ्या टबात बुडवल्या होत्या आणि बाटलीतून त्यात काहीतरी ओतत होती. आंबूस वास आला.

"हे धंदे करतेस होय!"

लेक दचकली. "आई, ऐक ना. नुसतं व्हिनेगर आहे. त्याने जास्तीची नीळ..."

"माझं काम नासवतेस? पोटच्या पोरीने? लॉजवाल्यांनी मला काढून टाकावं म्हणून?"

"उलट, आई..."

"एक शब्द नको. चालती हो."

दुपारी लेक पिशवी घेऊन निघाली. दारात थबकून एवढंच म्हणाली, "नीळ जरा कमी घाल, आई."

"आता तू मला शिकवणार?"

दार लागलं. मग घरात नळाखेरीज कुणी बोलेना. आई दोन ताटं घ्यायची, एक परत ठेवायची.

पुढच्या खेपेच्या चादरी तिने एकटीने धुतल्या. नीळ हलवली, ओंजळीत पाणी घेतलं, रंग फिका वाटला म्हणून आणखी हलवली. गुडघे ओढत, चारदा बसत ओझं वर नेलं. आतून मात्र तिची एकच इच्छा होती. चादरी पिवळ्याच निघाव्यात. म्हणजे दोष पोरीचा नव्हता असं ठरेल, आणि तिला परत बोलावता येईल.

संध्याकाळी तिने पहिली चादर उलगडली. पांढरीशुभ्र. दुसरीही. वर्षात पहिल्यांदाच अशा चादरी गच्चीवरून खाली आल्या होत्या.

म्हणजे पोरीनेच केलं होतं सगळं. आई त्या चादरीत तोंड खुपसून रडली. लेकीचा फोन येत राहिला, तो तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी लॉजवर पोचवलेलं बोचकं घेऊन तिथला मॅनेजर दारात आला. "काकू, थट्टा करताय का?"

"का? बघा तरी, कशा निघाल्यात!"

"तेच बघतोय." त्याने दारातल्या उन्हात चादर उलगडून तिच्या हातात दिली. "आम्ही पांढऱ्या दिल्या होत्या, काकू. या निळ्या चादरी कुणाच्या?"

आईने चादर अगदी डोळ्यांजवळ नेली. तिला ती पांढरीशुभ्रच दिसली.