कुठला डोळा?

चौऱ्याहत्तर सालच्या मोतीबिंदू शिबिरात उंब्रजची बनुबाई टेबलावर आडवी झाली. तिचा डावा डोळा अधू होता. डॉक्टर मात्र भुलीची सुई घेऊन उजव्यावर वाकले होते. बोलावं की नको, तिला कळेना. सुई अगदी जवळ आली तशी ती ओरडलीच, "आवं डाक्टर, ह्यो न्हाई! डावा, डावा!"

डॉक्टरांचा हात थबकला. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूला रुग्णांच्या कपाळावर खुणेची चिकटपट्टी लावणारी नर्स रडवेली झाली. "समोर उभं राहून लावली हो. माझं डावं-उजवं उलटं झालं."

"आणखी कुणाला अशी लावलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या मालकास्नी," बनुबाईच बोलली. "मगाशीच झालं की त्यांचं आपरेशन."

डॉक्टर धावतच शेजारच्या खोलीत गेले. मागोमाग बनुबाई. तिचा नवरा नाथाजी एका डोळ्याला पट्टी बांधून सतरंजीवर निवांत पडला होता.

"बाबा, तुम्हाला कुठल्या डोळ्यानं दिसत नव्हतं?"

नाथाजीनं उघड्या डोळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो. पर म्या म्हनलं, तुमास्नी जास्त ठावं असंल."