बरणीतली पट्टी

मासळी बाजारात फेकून दिलेली कातडी कमावून बायको दागिने करायची, त्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. वास येत नाही हे तिने हजारदा सांगूनही तो दारातूनच नाक मुरडायचा. आज मात्र चपलांसकट आत आला आणि तिच्यासमोर मूठ उघडली.

"बघ! पुलाखाली गाळात सापडलं. चौकीतून ओळख पटवायला दिलंय."

माशाच्या कातड्याचं निळं, एकच कानातलं. खवल्यांची नक्षी प्रत्येक कातड्यावर वेगळी असते. तिला भिंग लावायची गरजच पडली नाही. लेक भांडून घर सोडून गेली, त्या दिवशी तिच्या कानात हेच होतं.

"अगं, दोन वर्षं पाण्यात असतं, तर कातडं कुजून गेलं नसतं का? साहेबही तेच म्हणाले. पोरगी जिवंत आहे! आत्ता चार दिवसांत कधीतरी त्या पुलावरून गेली असणार."

दोन वर्षांत तो पहिल्यांदाच हसत होता.

ती उठली आणि मागच्या फळीला पाठ लावून उभी राहिली. "हो ना," ती म्हणाली, "कुजलंच असतं."

तिच्या पाठीआड काचेची बरणी होती. शंकेखोर गिऱ्हाइकांना दाखवायला लेकीनेच तीत पाणी भरून कातड्याची एक पट्टी बुडवली होती आणि वर आपल्या अक्षरात तारीख चिकटवली होती. त्या तारखेला तीन वर्षं होऊन गेली होती. पट्टी अजून जशीच्या तशी होती.