बाबांना सांगणे

‘बाबांना सांगणे’ हे कार्ड ‘झाले’च्या रकान्यात जाऊन बसलं होतं.

ऑफिसच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मोठ्या लेकीने मोबाइलमधल्या कामांच्या बोर्डावर ते पुन्हा पुन्हा पाहिलं. तीन आठवडे हे कार्ड ‘चालू आहे’मध्ये अडकून पडलं होतं. आधी तिच्या नावावर, मग मधल्या भावाच्या, मग धाकट्या बहिणीच्या आणि फिरून मोठीच्याच. बाबांना वृद्धनिवासात ठेवायचं ठरलं होतं. ‘खोली पाहणे’ झालं, ‘पडद्यांचं माप’ झालं. फक्त ज्यांना जायचं होतं त्यांना सांगायला कोणाचीच जीभ रेटत नव्हती.

बोर्ड तिचाच. ऑफिसात तीस माणसांची कामं ती असल्याच बोर्डावर हलवायची. आई गेल्यावर, चार महिन्यांपूर्वी, तिने घरासाठीही एक उघडला. तीन भावंडं तीन गावांत. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने फोन केला असेल. मग सगळंच कार्डांवर आलं. सकाळच्या गोळ्या. डोळ्यांची तपासणी. ‘स्कूटरची किल्ली लपवणे’. आणि ‘बाबांशी बोलणे, दहा मिनिटे’, रोज, पाळीपाळीने.

“बाबा म्हणजे काय प्रोजेक्ट आहे का गं, ताई?” धाकटी चिडली होती. पण तिचंही कार्ड वेळच्या वेळी सरकू लागलं. बाबाही अडून बसत नसत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बरोबर दहाव्या मिनिटाला स्वतःच म्हणायचे, “चला, ठेवतो. तुम्हाला कामं असतील.” बाबांच्या पोटातच घड्याळ आहे, असं म्हणून तिघं हसायची.

बोर्डाचा नियम एकच होता: ज्याने काम केलं, त्यानेच कार्ड सरकवायचं.

तिने मधल्याला फोन लावला. “मी? मी तर तुझीच वाट बघत होतो,” तो म्हणाला. धाकटी म्हणाली, “तू सांगितलंस ना? कार्ड बघितलं आणि सुटल्यासारखं वाटलं गं मला.”

मग मोठीने कार्डाची नोंद उघडली. सरकवणारा: घर. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ‘घर’ म्हणजे बाबांकडे ठेवलेला टॅब्लेट. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशींना तो दिला होता, गोळ्या दिल्या की खूण करायला. म्हणजे मावशींनी सांगून टाकलं! मोठीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली.

बाबांच्या घरात दुपार झोपेत चालल्यासारखी चालली होती. भिंतीभर घड्याळं होती, दुरुस्त होऊनही कोणी न्यायला न आलेली. एकात सव्वादोन, दुसऱ्यात पावणेपाच. सगळ्यांची टिकटिक मिळून कुठेतरी लांब पाणी वाहत असावं तसं वाटत होतं. पडद्यातून आलेलं ऊन जमिनीवरून इंचाइंचाने सरकत होतं. मोठीचा राग उंबऱ्यातच विरघळला. लहानपणी ती याच आवाजात बाबांच्या मांडीवर झोपायची, आणि जाग आली की सकाळ आहे की संध्याकाळ, तेच कळायचं नाही. आताही कळेना. आत्ता मागून आईचा हात खांद्यावर पडेल, असं वाटून ती क्षणभर थांबली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

ती पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेली.

“मावशी, तुम्ही कशाला सांगितलंत त्यांना?”

“काय सांगितलं, ताई?” मावशी भांडी विसळता विसळता थांबल्या.

“मग सकाळी त्या टॅब्लेटवर कार्ड कोणी सरकवलं?”

मावशींनी ओल्या हाताने बाहेरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “ते मला कुठलं जमायला? पहिल्या दिवसापासून काकाच करतात. गोळी घेतली की आपणच खूण करतात. मग डोळ्याला भिंग लावून तासभर वाचत बसतात. म्हणतात, मुलांची पत्रं आली.”

म्हणजे बाबा सगळं वाचत होते. चार महिने. स्कूटरची किल्ली गेली, तेव्हा त्यांनी ती एकदाही शोधली नव्हती. वय झालं, विसरले असतील, असं तिघांनी आपापसात म्हटलं होतं. मोठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन ती त्यांच्या पायांशी बसली. बाबांनी डोळे उघडले. तिला बघून जराही दचकले नाहीत.

“आलीस? ते कार्ड तुम्हा तिघांत नुसतंच फिरत होतं बघ. कोणाच्याने होईना. म्हटलं, मला सांगायचंय ना, मग मीच सांगतो मला. सांगितलं, आणि सरकवलं. नियमच आहे तुझा.”

“बाबा, तुमच्या मनात नसेल तर...” ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागली.

“अगं, खोली चांगली आहे. पूर्वेला खिडकी आहे, मधल्याने लिहिलंय तसं.” त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. तो तसाच बराच वेळ राहिला. ऊन खुर्चीच्या पायापर्यंत आलं. घड्याळं आपापली वेळ सांगत राहिली.

मग त्यांनी टॅब्लेट उचलला, भिंग डोळ्याला लावलं आणि खाली जात जात एका कार्डावर बोट टेकवलं.

“हे रोजचं, दहा मिनिटांचं,” तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “हे तिथे गेल्यावरही चालू ठेवाल ना? मी वेळेवर फोन ठेवत जाईन.”