सोमवल्लीचा प्रसाद

महाराज, माझ्या नवऱ्याला तुम्ही विष चारलंत.

ऐन शरदात आम्हाला पहाडातल्या पाइनच्या जंगलात शिबिराला नेलंत. शेवटच्या सकाळी ओल्या पाचोळ्यातून लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांच्या छत्र्या उपटल्यात आणि म्हणालात, "ही वेदांतली सोमवल्ली."

मी म्हटलं, "अहो, ही तर कुत्र्याची छत्री!"

तुम्ही हसलात. "ताई, शंका हेच खरं विष."

प्रसाद म्हणून माझ्या तळहातावर पडलेली तिची फोड शेंबडासारखी बुळबुळीत होती. मला शिसारी आली. गुपचूप गवतात टाकणार, तोच ह्यांनी मनगट धरलं. "अगं, प्रसाद टाकू नये. आण इकडे." स्वतःची गिळलीच होती, माझीही गिळली.

थोड्याच वेळात ह्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली. पायजमा ओला झाला. एका झाडाला मिठी मारून हे "आई, आई" करत ओकले. मी गाडी मागत होते, तर तुम्ही भजनातल्या टाळांचा गजर वाढवायला लावलात. "समाधी लागली आहे, हात लावू नका." एका बाईने ती ओकारी बोटाने कपाळाला लावली!

गाडी मिळाली संध्याकाळी. आता हे दवाखान्यात आहेत. हात पलंगाला बांधलेत, मला ओळखत नाहीत. खाणारे बाकीचेही ओकून आडवे झालेत. तुम्ही मात्र ठणठणीत. तुमचा सेवक म्हणतो, महाराजांचा त्या दिवशी उपवास होता.

महाराज, प्रसादाने कुणाचा उपवास मोडलाय कधी? मग तुम्ही का नाही खाल्लात? बोला.